झांशी : दोन कत्तली आणि एक चौकशी

झांशी हे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे राणी लक्ष्मीबाईसाहेबांची मूर्ती उभी राहते. तटावरून तोफखान्यास हुकूम देणारी आणि पुढे ग्वाल्हेरीस रणांगणी देह ठेवणारी ती वीरांगना आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत आहे, मेळ्यांतल्या पदांत आहे, शहराशहरांच्या चौकांतील पुतळ्यांत आहे. हा गौरव सर्वथा उचित होय. परंतु त्या तेजामुळे एक गोष्ट सहसा दृष्टिआड राहते. ज्या शहरासाठी राणी लढली, त्या शहरात दहा महिन्यांच्या अवधीत दोन कत्तली झाल्या, आणि दोहोंतही हाती शस्त्र नसलेली माणसे मारली गेली. पहिल्या कत्तलीची चौकशी झाली, साक्षी झाल्या, मृतांसाठी स्मारक उभे राहिले. दुसरीची चौकशी कधीच झाली नाही. बंड मोडताना सरकारच्या हातून निरपराध माणसे मेली तर त्याचा जाब कोणी कोणास द्यावयाचा, हा प्रश्न या दोन घटना शेजारीशेजारी ठेवल्या म्हणजे आपोआप उभा राहतो. तो वाचक कुटुंबांपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम पूर्ववृत्त थोडक्यात सांगितले पाहिजे. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव नेवाळकर निवर्तले. त्यांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक लॉर्ड डलहौसी यांनी नामंजूर केला आणि १८५४ मध्ये झांशी संस्थान खालसा होऊन कंपनी सरकारच्या मुलखात सामील झाले. झांशीची रयत त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने कंपनीची प्रजा झाली. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे प्रयोजन पडणार आहे.

५ जून १८५७ रोजी झांशीच्या छावणीतील पलटणीने बंडाचा झेंडा उभारला. शहरातील व छावणीतील युरोपियन कुटुंबे, कॅप्टन स्कीन यांच्यासह, किल्ल्यात आश्रयास गेली. ८ जून रोजी जीविताचे अभय मिळाल्यावर ती बाहेर पडली. नंतर त्या सर्वांना शहराबाहेरील जोखनबागेत नेण्यात आले आणि तेथे सुमारे साठ माणसे कापून काढण्यात आली. त्यांत स्त्रिया होत्या, लहान मुले होती. अभय देऊन मारलेल्या या माणसांविषयी बोलताना आपल्या लेखकांची लेखणी बरेचदा अडखळते. ती अडखळण्याचे काही कारण नाही. ही हत्या होती आणि ती बंडवाल्यांच्या हातून झाली. पारतंत्र्याविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्याचा हेतु कितीही थोर असला, तरी आईच्या कडेवरच्या मुलाचा जीव घेण्याचा अधिकार त्यास त्या हेतूने मिळत नाही. जो न्याय आपण परक्या सरकारकडे मागणार, तो प्रथम आपल्या बाजूस लावून पाहिला पाहिजे.

आता त्या हत्येचा जाब कसा विचारला गेला ते पाहू. कत्तल करून पलटणी दिल्लीच्या वाटेस लागल्या. जाण्यापूर्वी त्यांनी राणीकडून धमकीने द्रव्य उकळले. राणीने १२ व १४ जून रोजी जबलपूर येथील कमिशनर मेजर अर्स्किन यांस पत्रे लिहून झाला प्रकार कळविला आणि आपण असहाय होतो असे निवेदन केले. त्यावर २ जुलै रोजी अर्स्किन यांनी तिला कळविले, की सरकारी अंमलदार येईपर्यंत जिल्ह्याचा कारभार तिनेच सरकारच्या वतीने पाहावा, वसूल जमा करावा, बंदोबस्त ठेवावा. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने ही व्यवस्था चालू दिली. मात्र राणीचे निवेदन पुढे खोटे ठरल्यास तिला संरक्षण मिळणार नाही, असा शेरा मारून ठेवला.

म्हणजे जुलै १८५७ पासून झांशीचा कोष्टी, हलवाई, भट, सावकार अथवा शेतकरी राणीचा हुकूम मानीत होता, तेव्हा तो खुद्द इंग्रज कमिशनरांनी नेमून दिलेल्या कारभाऱ्याचाच हुकूम मानीत होता. पुढे सरकारचे मन फिरले आणि राणी शत्रू ठरली. ते केव्हा व कोणत्या पुराव्यावर ठरले, हे झांशीच्या बाजारपेठेतील माणसास कोणी येऊन सांगितले नव्हते. मार्च १८५८ मध्ये तटाखाली तोफा येऊन उभ्या राहिल्या, तेव्हाच त्याला ते कळले.

सर ह्यू रोज यांची फौज २१ मार्च १८५८ रोजी झांशीपुढे आली. कित्येक दिवस तोफांचा मारा चालला. १ एप्रिल रोजी मदतीस आलेल्या तात्या टोपे यांचा बेटवेच्या काठी पराभव झाला. ३ एप्रिल रोजी इंग्रजी फौज शहरात शिरली आणि दुसऱ्या रात्री राणी मोजक्या स्वारांनिशी किल्ल्याबाहेर पडून काल्पीकडे निघून गेली. युद्धाच्या दृष्टीने झांशीचे प्रकरण येथे संपले. शहराच्या दृष्टीने ते येथे सुरू झाले होते.

शहरात काय घडले याविषयी इंग्रजांच्या बाजूची साक्ष आहे. रोज यांच्या फौजेबरोबर असलेले डॉक्टर टॉमस लो यांनी १८६० मध्ये त्या मोहिमेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. झांशीत व झांशीतून पळताना मिळून पाच हजारांहून कमी माणसे मेली नसावीत, असा आकडा ते देतात आणि शहर पडल्यावर दयामाया दाखवावयाची नव्हती हेही ते लपवीत नाहीत. सैनिकांनी उपाशी स्त्रिया व मुले यांना आपल्या शिध्यातून अन्न दिले, असे इंग्रजी वृत्तांतात नमूद आहे. ते खोटे मानण्याचे कारण नाही. परंतु वयात आलेला जो पुरुष सापडेल तो बंडवाला, असा हिशेब गल्लोगल्ली चालला, हेही त्याच वृत्तांतांवरून उघड होते. पाच हजारांत लढणारे किती आणि दुकानाच्या फळ्या लावून आत बसलेले किती, याची गणती कोणी केली नाही.

दुसरी साक्ष आपल्या भाषेत आहे, आणि ती एका भिक्षुकाची आहे. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे घरच्या कर्जाने गांजलेले कोकणस्थ गृहस्थ. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने ते १८५७ च्या आरंभी आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले. महूच्या सुमारास पुढे बंड होणार असल्याची वार्ता त्यांच्या कानी आली. तरी ते पुढे गेले, फिरत फिरत झांशीस पोहोचले, राणीच्या पदरी त्यांना मान व दक्षिणा मिळाली, आणि वेढ्याच्या व कत्तलीच्या दिवसांत ते शहरातच अडकून पडले. लपून जीव वाचवीत त्यांनी जे पाहिले, ते सुमारे पंचवीस वर्षांनी, कल्याणच्या वैद्य घराण्यातील यजमानांच्या आग्रहावरून, लिहून काढले. तोच ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ होय.

त्या लेखनाचे स्वरूप ध्यानात घेण्यासारखे आहे. भटजींना राजकारणाची बाजू मांडावयाची नव्हती. ते गंगेचे पाणी आणि चार रुपये घेऊन घरी जाऊ इच्छिणारे यात्रेकरू होते. म्हणूनच त्यांचे लक्ष जेथे गेले तेथे सेनापतींचे गेले नाही. हलवाईपुऱ्यास लागलेली आग, विहिरींत उड्या टाकणारी माणसे, प्रथम सोने-नाणे, मग भांडीकुंडी, शेवटी धान्यसुद्धा अशी टप्प्याटप्प्याने झालेली लूट, रस्त्यांत पडलेल्या प्रेतांची विल्हेवाट, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश, हे सारे त्यांनी टिपून ठेवले. कोणत्या तोफेने कोणता बुरूज पाडला यापेक्षा कोणत्या पुऱ्यात कोणते हाल झाले, हे त्यांच्या पुस्तकात अधिक आहे.

अर्थात ही साक्ष तपासूनच घेतली पाहिजे. पंचवीस वर्षांनी लिहिताना तिथीवारांचा घोळ होतो. भटजी कधी स्वतः पाहिलेले सांगतात, कधी ऐकीव गोष्ट तितक्याच विश्वासाने सांगतात. त्यात भर अशी, की भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये ग्रंथ प्रथम छापला तो भाषेत व मजकुरात फेरफार करून; परकीय अंमलात तसे करणे त्यांस भाग वाटले असावे. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आले आणि महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये ते मूळ स्वरूपात संपादून प्रसिद्ध केले. कत्तलीनंतर शंभरांवर वर्षे लोटल्यावर झांशीच्या मृतांची मराठी जबानी अशी जशीच्या तशी वाचकांच्या हाती आली. भटजींचे वर्णन आणि डॉक्टर लो यांचे वर्णन एकमेकांशेजारी ठेवावे. दोघेही परस्परांस अनोळखी, एक विजेत्यांच्या बाजूचा, दुसरा जित शहरातला. तरी मुख्य गोष्टीत दोघांचा मेळ बसतो. न्यायालयात अशा दोन साक्षी पुष्कळ झाल्या असत्या.

पण न्यायालयच नव्हते. जोखनबागेच्या हत्येची चौकशी मात्र झाली. सर रॉबर्ट हॅमिल्टन यांनी माहिती गोळा केली, कॅप्टन पिंकने यांनी १८५८ च्या अखेरीस अहवाल लिहिला, मृतांची नावे शोधून काढण्यात आली. राणीचे वडील मोरोपंत तांबे दतियाकडे पकडले गेले आणि त्यांना झांशीस आणून एप्रिल १८५८ मध्येच फासावर चढविण्यात आले. या चौकशीचा कल राणीस दोषी धरण्याकडे होता. १८९४ मध्ये दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी राणीचे चरित्र लिहिले, त्यात आणि १८५७ च्या शताब्दीच्या वर्षी सुरेंद्रनाथ सेन यांनी लिहिलेल्या इतिहासातही तो आरोप ग्राह्य मानलेला नाही. निष्कर्ष चुकला तो चुकला. तथापि साठ माणसांच्या मरणाची विचारपूस करणे सरकारास आवश्यक वाटले, ही गोष्ट योग्यच झाली. पाच हजारांच्या बाबतीत तशी एक ओळही लिहिली गेली नाही, हा खरा आक्षेप आहे.

असे का घडले? कोणी म्हणेल, की युद्धात असे चालायचेच. परंतु हे उत्तर सरकारला स्वतःलाच लागू पडत नव्हते. झांशीची रयत शत्रुराज्याची होती असे म्हणावे, तर १८५४ पासून ती कंपनीची प्रजा होती, आणि म्हणूनच तिने शस्त्र धरणे हा राजद्रोह ठरत होता. बरे, ती प्रजा होती असे म्हणावे, तर चौकशीवाचून प्रजेचा जीव घेणारा अंमलदार कायद्यापुढे उत्तरदायी ठरतो. फाशी देताना प्रजा आणि कापून काढताना शत्रू, असे दुहेरी माप सरकारने वापरले. या दोन मापांच्या मधल्या फटीत झांशीचा सामान्य माणूस गेला.

ही फट बुजविण्याची तजवीजही कायद्यानेच झाली. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणी व्हिक्टोरियाच्या जाहीरनाम्यात बंडवाल्यांना सर्वसाधारण माफी दिली होती. तीतून ब्रिटिश प्रजाजनांच्या खुनात प्रत्यक्ष भाग घेतल्याचे शाबीत झालेले लोक वगळले होते. ब्रिटिश प्रजाजन म्हणजे कोण, याचा अर्थ झांशीच्या विधवांना लावू दिला असता तर त्यांनी तो आपल्या घरच्या माणसांनाही लावला असता. तसे होणे नव्हते. १८६० मध्ये बंडाच्या काळात सरकारी अंमलदार व इतर यांनी केलेल्या कृत्यांबद्दल त्यांच्यावर दावे चालू नयेत म्हणून संरक्षण देणारा कायदा झाला. १८६१ मध्ये झांशी शहर व किल्ला शिंदे सरकारच्या स्वाधीन झाला आणि १८८६ पर्यंत तेथेच राहिला. तक्रार करावयाची म्हटले, तरी कोणत्या दारी करावयाची?

लुटीचा हिशेब मात्र विलायतेत पैपैने झाला. बांदा येथे आणि चित्रकूटजवळील करवी येथे पेशव्यांच्या वंशजांच्या वाड्यात जी लूट सापडली, तिचा वाटा कोणत्या फौजेस किती, या प्रश्नावर इंग्लंडातील नाविक न्यायालयात दावा चालला. त्यात रोज यांच्या फौजेनेही हक्क सांगितला होता. न्यायाधीश लशिंग्टन यांनी १८६६ मध्ये सविस्तर निकाल देऊन तो हक्क नाकारला. त्याच वर्षी रोज यांना उमराव करण्यात आले आणि त्यांनी आपल्या किताबात झांशीचे नाव जोडून घेतले. ज्या शहरातील मृतांची गणती झाली नाही, त्याचे नाव अशा रीतीने विलायतेतील एका सरदारकीस शोभा देऊ लागले.

त्या काळी असा जाब विचारण्याची कल्पनाच नव्हती, असे म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही. त्याच साम्राज्यात, झांशीनंतर अवघ्या साडेसात वर्षांनी, वेस्ट इंडीजमधील जमेका बेटावर तेथील निग्रो रयतेचा उठाव झाला. ऑक्टोबर १८६५ मध्ये तो मोडताना गव्हर्नर आयर यांच्या अंमलाखाली ४३९ माणसे मारली गेली, सुमारे ६०० जणांना फटके बसले, हजारभर घरे जाळली गेली. त्याची शाही कमिशनकडून चौकशी झाली, शिक्षा अतिरेकी झाल्याचा ठपका आला, आयर यांना परत बोलावून अधिकारावरून दूर करण्यात आले. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने त्यांच्यावर खटला भरण्याची शिकस्त केली. ती सफल झाली नाही; आयर यांच्याच संमतीने जमेकात झालेल्या संरक्षणाच्या कायद्याने १८७० मध्ये त्यांची पाठराखण केली. तरी मृतांचा आकडा सरकारी अहवालात आला आणि अंमलदाराचे पद गेले. आपल्या देशातही जानेवारी १८७२ मध्ये पंजाबात मालेरकोटला येथे डेप्युटी कमिशनर कोवन यांनी ४९ कुका कैद्यांना चौकशीवाचून तोफेच्या तोंडी दिले, तेव्हा सरकारने त्यांना नोकरीतून काढून टाकले. म्हणजे जाब विचारता येत होता. झांशीच्या वेळी तो विचारण्याची इच्छा नव्हती, आणि विचारणारा कोणी उभा राहू शकत नव्हता.

उभे राहणारे पुढे निर्माण झाले. १९१९ मध्ये पंजाबात लष्करी कायदा पुकारला गेला. निःशस्त्र जमावास सरकारने बंड म्हटले आणि अमृतसरास जालियनवाला बागेत गोळीबार झाला. अंमलदारांना संरक्षण देणारा कायदा त्याही वेळी झाला, आणि तो सरकारी हंटर कमिटी नेमली जाण्यापूर्वीच झाला. पण या खेपेस लोक सरकारच्या चौकशीवर विसंबून राहिले नाहीत. राष्ट्रसभेने आपली स्वतंत्र समिती नेमली. तीत महात्मा गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर होते. समितीने गावोगाव हिंडून सुमारे १,७०० माणसांच्या जबान्या तपासल्या आणि १९२० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. वरसईच्या एका भटजीने एकट्याने, भीत भीत, पंचवीस वर्षांनी केलेले काम देशाने आता उघडपणे व वर्षाच्या आत केले. झांशी आणि अमृतसर यांच्या मध्ये गेलेल्या एकसष्ट वर्षांत आपण काय मिळविले, असे कोणी विचारल्यास हेही एक उत्तर देता येईल.

आज राज्य आपले आहे. त्यामुळे हा प्रश्न संपला असे मात्र समजू नये. कोणत्याही राज्यास उठावाशी गाठ पडू शकते आणि त्या वेळी शांतता राखण्यासाठी बळाचा उपयोग करावाच लागतो. अशा वेळी संकटातून वाचविणाऱ्या अंमलदारास नंतर न्यायालयात खेचणे अन्यायाचे होईल, असा युक्तिवाद १८६० मध्ये होता व तो पोकळ नव्हता. चांगल्या बुद्धीने वागलेल्यास संरक्षण असावेच. पण चांगली बुद्धि होती की नव्हती हे ठरविण्यास आधी चौकशी पाहिजे. चौकशीच्या अगोदर दिलेले संरक्षण चांगल्या अंमलदाराच्या उपयोगी पडत नाही. ते त्याला आणि वाईटाला एकाच पंक्तीस बसविते.

आपल्या ज्ञातीच्या वार्षिकात हा विषय का, असे एखादा वाचक विचारील. झांशीत मेलेल्यांत दक्षिणी घरांतली माणसे होती, तशीच बुंदेली, पठाण, कोष्टी, हलवाई आणि इतर कितीतरी होती. मारणाऱ्याने कोणाची ज्ञाति विचारली नव्हती आणि शोक करणाऱ्यानेही ती विचारू नये. परंतु त्या मृतांची आठवण राहिली ती एका घराच्या आग्रहामुळे. वैद्यांनी आपल्या उपाध्यायास, ‘जे पाहिले ते लिहा’, असे सांगितले नसते, तर भटजींबरोबर तीही गेली असती. असा आग्रह धरणे कुटुंबांच्याच हाती असते. आपण कुलवृत्तांत लिहितो, त्यांत पदव्या, वतने व कर्तबगार पुरुष यांची नोंद हौसेने करतो. त्याच वहीत, दंगलीत, उठावात अथवा दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी काय पाहिले, त्यांतले स्वतः पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, कोण माणूस कोठे व कशाने गेला, हेही लिहून ठेवावे. मग तो माणूस आपल्या घरचा असो वा शेजारच्या मोहल्ल्यातला. आपल्या बाजूच्या हातून गेला असल्यास तेही लिहावे. सरकारी दप्तरात ज्यांचे नाव चढले नाही, त्यांच्यासाठी उद्या जाब विचारणाऱ्याच्या हाती दुसरा कागद नसेल.